लिंबू-संत्र्याची साल : एका घरगुती औषधाचा हजार वर्षांचा प्रवास



संत्र्यांचा हंगाम आला की आपल्या घराघरांतून टोपलीभर साली निघतात आणि सरळ कचऱ्यात जातात. फळ खाल्ले, काम संपले, अशी आपली समजूत. परंतु अजूनही काही घरांत दादी किंवा नानी त्या साली उचलते, पुसून सुपात पसरते, सावलीत वाळवते आणि बरणीत भरून ठेवते. थंडीत कुणाला खोकला झाला, कुणाचे पोट जड झाले, की त्यातली चिमूटभर साल उकळत्या पाण्यात पडते. नातवंडे हसतात. आजी चिडत नाही. "माझी आई करायची," एवढेच सांगते.

त्या आईच्या आईने हे कुठून घेतले असेल, असा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय? हा प्रश्न विचारला तर उत्तर शोधीत आपल्याला कोकणच्या किनाऱ्यावरून बसरा, बगदाद आणि काहिरापर्यंत जावे लागते, आणि तेथून परत यावे लागते. या प्रवासात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे आणि सावध व्हावे असेही पुष्कळ आहे. दोन्ही आपल्यापुढे ठेवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

शब्दांची साक्ष

इतिहासाचे कागद नसतील तेथे शब्द साक्ष देतात. संस्कृतातील 'नारंग' फारसीत 'नारंग'च राहिला, अरबीत 'नारंज' झाला, स्पेनमध्ये 'नारान्हा' झाला आणि पुढे इंग्रजीत 'ऑरेंज' या रूपाने आपल्याच शाळांत परत आला. आपले महाळुंग म्हणजे संस्कृतातील मातुलुंग. त्याला फारसीत 'तुरंज' आणि अरबीत 'उत्रुज्ज' म्हणतात. 'शरबत' हा शब्द पिणे या अर्थाच्या अरबी धातूपासून निघाला. युरोपात त्याचेच 'सिरप' झाले. 'अर्क' आणि 'मुरब्बा' हे शब्दही अरबीतून फारसीमार्गे आपल्या मराठी स्वयंपाकघरात आले आणि आज कुणालाही परके वाटत नाहीत. फळ इकडून तिकडे गेले आणि त्याची औषधे करण्याची भाषा तिकडून इकडे आली. देवघेव ती हीच.

आयुर्वेदाला महाळुंग जुन्या काळापासून ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत त्याच्या सालीचे गुण गरापासून वेगळे सांगितले आहेत: साल कडू, पचायला जड, परंतु वात, कृमी आणि कफ यांवर उपयोगी. एकाच फळाच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळे गुण असतात, ही सूक्ष्म दृष्टी येथे दिसते. पुढे युनानी हकिमांतही तीच दृष्टी आढळते.

चौलला आलेला पाहुणा

बगदादचा प्रसिद्ध इतिहासकार व प्रवासी अल्-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, 'सैमूर' बंदरात उतरला. हे सैमूर म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातील चौल. त्या वेळी दख्खनवर राष्ट्रकूटांचे राज्य होते. सैमूरला सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे तो नमूद करतो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले लोक होते आणि येथेच जन्मलेलेही होते. कोकणी मुसलमानांच्या इतिहासाचा विचार करताना हा पुरावा फार मोलाचा मानला जातो.

याच अल्-मसऊदीने आपल्या 'मुरूज अज्-ज़हब' या ग्रंथात नारिंगाची हकीकतही लिहून ठेवली आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे नारिंग आणि गोल महाळुंग ही झाडे हिजरी ३०० नंतर हिंदुस्थानातून नेण्यात आली. ती प्रथम ओमानात लावली गेली, तेथून बसरा, इराक आणि शाम या प्रदेशांत पोहोचली, व पुढे मिसरपर्यंत पसरली. मात्र हिंदुस्थानातील हवा, माती व पाणी तेथे नसल्याने मूळचा सुवास आणि रंग त्यांना राहिला नाही, असेही तो सांगतो. ज्याने चौल पाहिले त्यानेच नारिंगाचा हा मार्ग लिहून ठेवला, हे आपण लक्षात ठेवावे. आपल्या किनाऱ्यावरील गलबते केवळ मिरी आणि कापड नेत नव्हती. रोपेही नेत होती आणि ज्ञानही नेत होती.

हकिमांच्या ग्रंथांत साल

उत्रुज्ज हे फळ अरबांना त्याआधीही परिचित होते. कुराण पठण करणाऱ्या मोमिनाला हजरत पैगंबरांनी (स.) या फळाची उपमा दिल्याची हदीस प्रसिद्ध आहे, कारण त्याचा सुवासही चांगला आणि चवही चांगली. सुवास म्हणजे अर्थातच सालीचा.

इब्न सीना (९८०–१०३७) यांनी 'अल्-क़ानून'मध्ये या फळाच्या औषधी गुणांची नोंद केली. चौदाव्या शतकातील इब्न अल्-क़य्यिम यांनी साल, गर, आंबट रस आणि बी असे चार भाग करून प्रत्येकाचा उपयोग सांगितला. साल कपड्यांत ठेवली तर कसर लागत नाही, तोंडात धरली तर दुर्गंधी जाते, आणि मसाल्यासारखी अन्नात घातली तर पचनाला मदत होते, असे ते लिहितात. आपल्या दादीच्या पेटीत रेशमी दुपट्ट्याच्या घडीत वाळलेली साल सापडली, तर ती कुठल्या परंपरेतून आली याचा तर्क आता आपल्यालाही करता येईल.

सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी याच्या पदरी इब्न जुमै नावाचे ज्यू हकीम होते. त्यांचा मृत्यू ११९८ मध्ये झाला. त्यांनी लिंबू, लिंबाचे शरबत आणि त्याचे उपयोग यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. सालीसकट लिंबू चिरून मिठात मुरवण्याची कृतीही तीत आहे. स्पेनमधील मालागाचे मुसलमान वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल्-बैतार (मृत्यू १२४८) यांनी ती आपल्या महाग्रंथात उतरवून घेतली. सुलतान मुसलमान, हकीम ज्यू, फळ हिंदुस्थानचे आणि नोंद ठेवणारा स्पेनचा! ज्ञानाला जात आणि देश विचारण्याची पद्धत त्या काळी नव्हती, म्हणूनच ते ज्ञान वाढले.

पुढे १३४० च्या दशकात इब्न बतूता होनावरच्या सुलतानाच्या पंगतीला बसला. खारवलेले लिंबू, हिरवे आले, मिरी आणि कैरी यांची लोणची पानात आल्याचे तो कौतुकाने लिहितो. बादशहा बाबर (मृत्यू १५३०) यानेही आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील लिंबूवर्गीय फळांची मोठी यादी दिली आहे. एका जातीचे तुरंज खाण्याला निरुपयोगी, परंतु त्याची साल मुरब्ब्याला चांगली, असा त्याचा अभिप्राय आहे. लिंबाचे तंतू उकळून ते पाणी विषबाधा झालेल्याला द्यावे, अशी समजूतही त्याने नोंदवली आहे. ही समजूत खरी मानून कुणी वेळ घालवू नये. विषबाधेत रुग्णालय हाच उपाय. जुन्या ग्रंथात सोने असते तसे पितळही असते. ते ओळखायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तरही जुन्या ग्रंथातच आहे. औषधाची परीक्षा कशी करावी याचे सात नियम इब्न सीनांनी 'अल्-क़ानून'च्या दुसऱ्या भागात दिले. औषध साध्या, एकाच रोगावर तपासावे, अनेक रोगांच्या गुंत्यावर नव्हे. गुण एकदा आला म्हणून विश्वास ठेवू नये, तो पुन्हा पुन्हा येतो का ते पाहावे. आणि परीक्षा माणसावर व्हावी, कारण जनावरावर झालेला परिणाम माणसावर होईलच असे नाही. विद्यार्थ्यांनो, ही दृष्टी हजार वर्षांपूर्वीची आहे.

समुद्रावरील परीक्षा

अशी परीक्षा झाली नाही तर काय होते, हे समुद्रावरच्या खलाशांनी भोगले. लांबच्या सफरीत ताजे अन्न मिळाले नाही की हिरड्या सुजत, जुन्या जखमा उघडत, आणि माणसे मरत. या रोगाचे नाव स्कर्व्ही. २० मे १७४७ रोजी 'सॉल्सबरी' या इंग्रजी जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरने बारा रोगी निवडले, सर्वांना सारखे जेवण दिले आणि दोघा-दोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. कुणाला सिरका, कुणाला समुद्राचे पाणी, तर एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत या जोडीतला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला.

पण कथा येथे संपत नाही. फळे जहाजावर टिकत नाहीत म्हणून लिंडने रस तासन् तास तापवून आटवण्याची रीत सुचवली. त्या आटीव रसात औषधी गुण जवळजवळ उरत नसे, हे त्याला कळले नाही. इंग्रजी आरमाराने लिंबाचा रस सर्रास देण्याचे ठरवले ते १७९५ मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर. पुढे १८६० च्या दशकात भूमध्य समुद्राकडील मोठ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान लिंबाचा रस वापरात आला. इंग्रजीत दोन्ही फळांची नावे एकमेकांऐवजी वापरली जात, त्यामुळे बदल कुणाच्या फारसा ध्यानात आला नाही. १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे गेलेली कॅप्टन नेअर्सची मोहीम स्कर्व्हीने खिळखिळी होऊन दुसऱ्याच वर्षी परतली. साठवलेला रस दुबळा होता, आणि बर्फावरून घसरगाड्या ओढत पुढे गेलेल्या तुकड्यांनी तो बरोबर नीट नेलाही नव्हता. परंतु लोकांचा विश्वास मात्र लिंबावरूनच उडाला.

कूतचा वेढा

आता आपल्या घरची गोष्ट. पहिल्या महायुद्धात इराकमधील कूत या गावी सहावी पुणे डिव्हिजन तुर्की फौजेच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत वेढा चालला. या सैन्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. त्यांत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमान शिपाईही होते. सातारा, कोकण व दख्खनच्या खेड्यांतली ही माणसे.

ताजी भाजी नाही, फळे नाहीत. घोड्याचे मांस खाण्यास बहुतेक हिंदी शिपाई बरेच दिवस तयार नव्हते. आट्यामुळे ते बेरीबेरीपासून वाचले, पण स्कर्व्हीने हजाराहून अधिक हिंदी शिपायांना गाठले. पांढरी रोटी खाणाऱ्या गोऱ्या शिपायांचे उलट झाले: घोड्याच्या मांसाने त्यांना स्कर्व्हीपासून वाचवले आणि बेरीबेरीने धरले. ज्या इराकात एक हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानचे नारिंग जाऊन रुजले, त्याच इराकात हिंदुस्थानचे शिपाई नारिंगाच्या एका फोडीवाचून झिजले. इतिहासाचा याहून कडू घोट कोणता?

या युद्धातील अनुभवांमुळे संशोधनाला जोर आला. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी गिनीपिगांवर प्रयोग केले. लहान लिंबाच्या रसाची ताकद मोठ्या लिंबाच्या रसाच्या सुमारे चौथाईच असल्याचे त्यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले. शिपायांना मोड आलेली कडधान्ये द्यावीत, असेही त्यांनी सुचवले. म्हणजे आपल्या आया-बहिणी ज्या मटकीला फडक्यात बांधून मोड आणतात, तेच हे औषध!  ज्या काळी मुलींना प्रयोगशाळेत सहज प्रवेश नव्हता, त्या काळी हे काम स्त्रियांनी केले, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

यावरून आपले कागदी लिंबू निरुपयोगी असे मात्र कुणी समजू नये. दोष शिळेपणाचा व साठवणीचाही होता. ताजे लिंबू रोज वरणभातावर पिळणारा माणूस शहाणाच.

साल पुन्हा प्रयोगशाळेत

हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्योर्ज्यी यांनी १९२८ मध्ये जो पदार्थ वेगळा काढला, तोच 'क' जीवनसत्त्व असल्याचे १९३२ मध्ये सिद्ध झाले. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३६ मध्ये त्यांनी लिंबाच्या सालीकडेही लक्ष वळवले. सालीतील काही द्रव्ये बारीक रक्तवाहिन्यांना बळ देतात असे वाटून त्यांना 'पी' जीवनसत्त्व असे नाव देण्यात आले. परंतु पुढील प्रयोगांत ही द्रव्ये जीवनसत्त्व ठरली नाहीत, आणि १९५० मध्ये ते नाव सोडून देण्यात आले. नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाची कल्पनासुद्धा परीक्षेला बसते. मग आपल्या दादीच्या काढ्याने परीक्षेला का भ्यावे?

त्या द्रव्यांपैकी संत्र्याच्या सालीतील 'हेस्पेरिडिन' आज मूळव्याधीसारख्या विकारांवरील काही गोळ्यांत वापरतात. दुसऱ्या एका कडू द्रव्याचे नाव 'नारिंजिन' आहे; त्यात आपला 'नारंग' शब्द स्पष्ट ऐकू येतो.

सालीचे दोन थर असतात. वरच्या रंगीत थरात सुगंधी तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल दिव्यापुढे चिमटली की ठिणग्या उडतात त्या या तेलाच्या. आतल्या पांढऱ्या थरात पेक्टिन असते, त्यानेच मुरब्बा घट्ट होतो. शंभर ग्रॅम ताज्या संत्र्याच्या सालीत सुमारे १३६ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते, गरात सुमारे ५३. परंतु आकडा वाचून फसू नका. काढ्यात आपण चमचाभर साल घालतो, आणि वाळवण्याने व उकळण्याने त्यातलेही पुष्कळ नाहीसे होते. लिंडच्या आटीव रसाचा धडा तोच. काढा सुगंधासाठी, घशाला ऊब मिळावी यासाठी, जड पोटाला बरे वाटावे यासाठी घ्यावा. जीवनसत्त्वासाठी फळ खावे.

घरी करताना

१. वाळवण : फळे कोमट पाण्यात चोळून धुवावीत, कारण बाजारातील फळांवर मेण व कीडनाशके असतात. शक्यतो ओळखीच्या बागेतील फळे घ्यावीत. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढावा. साली सावलीत, वाऱ्यावर चार-सहा दिवस कडक होईपर्यंत वाळवाव्यात आणि काचेच्या कोरड्या बरणीत भराव्यात. बुरशी दिसली तर सगळी बरणी टाकून द्यावी.

२. ख़िसांदा, म्हणजे भिजवून काढलेले पाणी : एक चहाचा चमचा चुरा पेल्यात घालून वर उकळते पाणी ओतावे, झाकण ठेवून दहा मिनिटांनी गाळावे. झाकण विसरू नये. सुगंध वाफेबरोबर उडून जातो.

३. जोशांदा, म्हणजे काढा : सालीबरोबर आल्याचा तुकडा व दोन मिरी घालून मंद आचेवर पाच मिनिटे उकळावे. मध घालायचा तर कोमट झाल्यावर. एक वर्षाखालील बाळाला मध कधीही देऊ नये.

४. मुरब्बा : साली रात्रभर पाण्यात ठेवून दोन-तीन वेळा पाणी बदलावे, मऊ शिजवून घ्याव्यात, मग सालींच्या वजनाइतक्या साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत मंद आटवाव्यात.

भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे. आंबटाला उघडे तांबे-पितळ चालत नाही, हे आपल्या कल्हईवाल्याला चांगलेच ठाऊक असे. शिवाय तांब्याच्या संपर्काने 'क' जीवनसत्त्व लवकर नष्ट होते.

आता काही इशारे. लिंबाची साल तोंडाला घासून उन्हात जाऊ नये. त्यातील द्रव्यांमुळे कातडी भाजल्यासारखी होते. ग्रेपफ्रूट काही औषधांची मात्रा शरीरात वाढवते, हे १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. कडू नारिंगातही तशी द्रव्ये आहेत. म्हणून रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच ही फळे व त्यांचा मुरब्बा घ्यावा. जुलाब होणाऱ्या मुलाला सालीचा काढा देऊन वेळ दवडू नये. त्याला मीठ-साखरेचे पाणी द्यावे व डॉक्टरांकडे न्यावे. तीन दिवसांहून अधिक ताप, धाप लागणे, दोन आठवड्यांहून जुना खोकला, ही दवाखान्याची कामे आहेत, बरणीची नव्हेत.

आपले काम

आपल्या समाजात आज दोन टोके दिसतात. एकीकडे, जुने ते सगळे खरे असे मानून मुलाचा आजार घरातच वाढू देणारे. दुसरीकडे, जुने ते सगळे अडाणी असे म्हणून आजीची बरणी फेकून देणारे. इब्न सीनांनी यांतले काहीच केले नाही. त्यांनी जुने वाचले, लिहून घेतले, आणि तपासायला सांगितले.

म्हणून विद्यार्थ्यांनो, येत्या सुटीत एक वही करा. दादी, नानी, खाला, फूफी यांना विचारा: कोणती साल, किती, कशी वाळवायची, कुणाला द्यायची, कुणाला नाही. त्यांच्याच शब्दांत लिहा. त्यापुढे एक रकाना मोकळा ठेवा आणि शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांच्या मदतीने तो भरा. यातले काय सिद्ध झाले आहे, काय झालेले नाही, काय धोक्याचे आहे. पालकांनो, ही वही मुलाच्या हाती द्याल तशीच मुलीच्याही हाती द्या. कारण हे ज्ञान आजवर बायकांनीच सांभाळले, आणि ते तपासण्याचा पहिला हक्कही त्यांच्या लेकींचा आहे.

ज्या आजीला लिहिता येत नाही तिच्याबरोबर तिचा ग्रंथही जातो. तो जाण्यापूर्वी उतरवून घ्या. नारिंगाचे रोप हिंदुस्थानातून बसऱ्याला गेले तेव्हा त्याचा सुवास वाटेत हरवला, असे अल्-मसऊदी सांगतो. ज्ञानाचे रोप एका पिढीतून दुसऱ्या पिढीत नेताना तसे होऊ नये, एवढी काळजी आपण घेऊ या.